दोन येन

गेल्या डिसेंबरात केदारकंठाच्या बेसकॅम्पवर पहाटे अडीचला गाईडने तंबूबाहेरूनच सांगितलं, "आज ऊपर नहीं जाएँगे." बर्फ पडायचा थांबला होता, त्यामुळे आमच्यात कुरकुर सुरू झाली. एवढे पैसे भरले, सुट्टी टाकली! कुरकुरणाऱ्यांत मीही होतो. परतीच्या रेल्वेत मोबाईलवर हाक्कोदाबद्दल वाचलं आणि गप्प झालो.

हाक्कोदा हे उत्तर जपानमधले डोंगर. रशियाशी युद्ध पेटलं आणि त्यांच्या आरमाराने किनाऱ्याची वाट तोडली, तर भर हिवाळ्यात डोंगरातून जाता येईल का, हे जपानी सैन्याला पाहायचं होतं. २३ जानेवारी १९०२ ला आओमोरीहून पाचव्या रेजिमेंटचे २१० जण निघाले. जायचं होतं ताशिरोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर, जेमतेम वीस किलोमीटर. वाटेत तामोगिनोचे गावकरी म्हणाले, जाऊ नका, जायचंच तर आमची माणसं न्या. अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही. नकाशा आणि होकायंत्र होतं ना! सामानाचे स्लेज बर्फात रुतले, अंधार पडला, वाट हरवली. पुढचे दिवस ते हिमवादळात त्याच त्याच परिसरात भरकटत राहिले. त्याच थंडीच्या लाटेत, २५ तारखेला, असाहिकावात उणे ४१ अंशांची नोंद झाली. जपानचा तो नीचांक आजही कायम आहे. २७ तारखेला शोधपथकाला कॉर्पोरल गोतो सापडला. बर्फात अर्धा गाडलेला, उभाच, जिवंत. एकूण १९९ जण गेले. वाचलेल्या अकरांपैकी बहुतेकांचे हातपाय कापावे लागले.

त्याच दिवसांत विरुद्ध बाजूने हिरोसाकीची दुसरी तुकडी हाच डोंगर ओलांडत होती. कॅप्टन फुकुशिमाची. ३८ जण, सगळे परतले. मोठा पल्ला होता, पण छोटी तुकडी आणि टप्प्याटप्प्यावर गावातले वाटाडे. नियोजन कसं असावं याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगतात. सांगोत. मी अडकलो ते शेवटच्या टप्प्यातल्या सात वाटाड्यांपाशी. वादळात पुढे राहून बर्फ तुडवत वाट काढली ती त्यांनी. डोंगर उतरल्यावर कॅप्टनने प्रत्येकाच्या हातावर दोन येन ठेवले, पाहिलंत ते कुठे बोलायचं नाही अशी ताकीद दिली आणि तुकडी पुढे निघून गेली. हिमदंशाने सुजलेले हातपाय घेऊन ते आपापल्या घरी गेले आणि कित्येक वर्षं गप्प राहिले. गोतोचा ब्राँझचा पुतळा मात्र १९०६ मध्येच उभा राहिला होता.

सांक्रीला उतरल्यावर आम्हीही वर्गणी काढून गाईडला टिप दिली होती. त्याचं पूर्ण नाव चौदा जणांपैकी एकालाही आठवत नाही. ग्रुपवर विचारून पाहिलं.