खैर

खैर (सेनेगालिया कॅटेच्यू; जुने नाव अ‍ॅकेशिया कॅटेच्यू; शिंबावंत कुल). शुष्क पानझडी वनांतला मध्यम उंचीचा काटेरी वृक्ष. उंची साधारण ९ ते १२ मी. भारत, नेपाळ, म्यानमार, थायलंड येथे आढळतो. महाराष्ट्रात कोकणापासून विदर्भापर्यंत.

ओळख काट्यावरून पटवावी. पानाच्या देठाच्या बुडाशी आखूड, तपकिरी, खाली वळलेल्या आकड्यांची जोडी असते. बाभळीचे काटे सरळ व पांढरट असून ते उपपर्णांचे रूपांतर असतात. खैराचे आकडे फांदीच्या सालीवर उगवतात. हा फरक वरवरचा नाही. २००५ च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘अ‍ॅकेशिया’ हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींकडे राहिले. बाभूळ वाचेलिया प्रजातीत गेली आणि खैर सेनेगालियात. या दोन प्रजातींना वेगळे करणाऱ्या लक्षणांत काटा महत्त्वाचा आहे.

काटे झडलेल्या जुन्या झाडाची साल पाहावी: गडद करडी, खरबरीत, लांबट पापुद्र्यांनी सुटणारी, आतून तांबडी. पाने दोनदा विभागलेली, दलके अगदी बारीक. फुले फिकट पिवळी, लांबट कणिशांत येतात. बाभळीचे पिवळेधमक गोंडे इथे नसतात. शेंगा चपट्या, पातळ, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळत्या. दख्खनमधील लाल खैर फार जवळचा आहे. त्याच्या फुलोऱ्याचा दांडा लवरहित असतो.

खैराला भरपूर ऊन लागते, सावलीत तो टिकत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांनी टाकलेल्या ताज्या गाळावर शिसूसोबत तो अग्रभागी उभा राहतो. मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, त्यामुळे निकस जमिनीतही त्याचे भागते. तोडल्यावर खुंटाला फुटवे येतात.

लाकडाचा गाभा लालसर, जड, वाळवीला दाद न देणारा; मुसळे व अवजारे यांसाठी तो वापरतात. गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून काढा आटवला की निवताना पानात खायचा कात खाली बसतो. उरलेला गडद भाग कातडी कमावण्यास व रंगाईस जातो. कोकणात हे काम पूर्वी कातकरी करीत. चिपळूण परिसरात पुढे कातभट्ट्या उभ्या राहिल्या. कात गाभ्यातूनच निघतो आणि गाभा भरायला वर्षे लागतात. त्यामुळे खैराची चोरटी तोड जंगलाचे फार मोठे नुकसान करते: पक्व झाडे आधी जातात, आणि बी धरणारीही तीच असतात.