कॅनडाच्या जडणघडणीत कनू नौकेचे स्थान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कॅनडाच्या इतिहासात कनू या वल्ह्यांनी चालणाऱ्या अरुंद, हलक्या नौकेला विशेष स्थान आहे. भूर्जवृक्षाची साल, सीडरच्या लाकडाच्या बरगड्या, शिवणीसाठी स्प्रूसची मुळे आणि सांध्यांना त्याच वृक्षाची राळ, अशी तिची रचना तेथील आदिवासी समाजांनी सिद्ध केली होती. ती वाटेतच दुरुस्त करता येई आणि धबधब्यांपाशी खांद्यावर वाहून नेता येई.

युरोपीय फर-व्यापाऱ्यांनी हेच तंत्र स्वीकारले. मॉन्ट्रियलहून सुपीरियर सरोवराकडे जाणारी सुमारे ११ मीटर लांबीची कनू जवळजवळ तीन टन माल नेत असे. अलेक्झांडर मॅकेंझी यांनी १७९३ मध्ये पॅसिफिक किनारा गाठला, तोही बराचसा प्रवास कनूने आणि आदिवासी वाटाड्यांच्या साहाय्याने. फर-व्यापाराच्या जलमार्गांनीच पुढील कॅनडाच्या सीमांची रूपरेषा आखली, असे प्रतिपादन हॅरॉल्ड इनिस यांनी १९३० मध्ये केले.

१९३५ च्या चांदीच्या डॉलरवर फर-व्यापारातील वल्हेकरी आणि आदिवासी एकत्र कनू वल्हवताना दाखविले आहेत. प्रत्यक्षात मात्र १८७६ चा इंडियन कायदा आदिवासींच्या जीवनावर शासकीय नियंत्रण ठेवून होता. त्यांतील बहुसंख्यांना आपला कायदेशीर दर्जा न गमावता संघीय निवडणुकीत मतदान करण्याचा हक्क १९६० मध्ये मिळाला.

सारांश, कनूने कॅनडाला भूगोल दिला आणि प्रतीकही दिले. परंतु ज्यांनी ती घडविली, त्यांना नाण्यावर मिळालेले स्थान नागरिकत्वात मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. राष्ट्रीय प्रतीकांचा अभ्यास करताना हे अंतर दृष्टिआड करता येणार नाही.