हंसनगरातले बदक

ठाण्यात खोपटला हंसनगर नावाची वस्ती आहे. इमारतींना, सोसायट्यांना, मुलींना हंसाचे नाव देण्याची हौस मराठी माणसाला जुनी; बदकनगर मात्र कुठे ऐकिवात नाही. पाळण्याचा प्रश्न आला की हे उलटे होते. घरामागच्या परसात, विहिरीच्या ओलीशेजारी, कोंबड्यांच्या खुराड्यालगत जो पाणपक्षी राहिला तो बदक. हंस देव्हाऱ्यात आणि काव्यात राहिला. दारात आला तो फार उशिरा, तोही परदेशी वाणाच्या रूपाने.

या फरकाची खूण शब्दांतच शिल्लक आहे. संस्कृत हंस, लॅटिन आन्सर, जर्मन गान्स आणि इंग्रजी गूज हे एकाच मुळाचे शब्द. बंगालीत आणि असमियात हंसाचा अपभ्रंश साध्या बदकाला चिकटला आणि मोठ्या पक्ष्याला राजहंसाचे नाव मिळाले. तो पाण्याचा मुलूख, दोन्ही पक्षी घरचे, म्हणून दोघांनाही रोजच्या वापरातली नावे. मराठीने बदकासाठी शब्द घेतला तो फारसीतून: ‘बत’, त्याचे लघुरूप ‘बतक’, त्याचे बदक. हंस हा शब्द मोकळाच राहिला आणि हळूहळू जमिनीवरून सुटला. जो दूध आणि पाणी वेगळे करतो, मोती टिपतो, त्याच्यापुढे कोंडा-भात कोण टाकणार?

जुन्या चित्रकारांनी मात्र खरा पक्षी पाहिला होता. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसजातक रंगवले आहे आणि २ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर हंसांची एक रांग चालली आहे. प्रत्येकाची मान वेगळ्या वळणाची. डच अभ्यासक फोगेल यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात भारतीय कलेतला हा हंस म्हणजे ‘गूज’च, युरोपातला ‘स्वान’ नव्हे, हे सविस्तर दाखवले आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला त्याचा रानटी भाऊबंद, पट्टकादंब, आजही हिवाळ्यात हिमालय ओलांडून उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर उतरतो. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात राजहंसाच्या चालीचा दृष्टांत आहे, आणि विदर्भाच्या दमयंतीकडे नलाचा निरोप नेणारा हंस रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे शाळेपर्यंत पोचला. पुढे गदिमांच्या बालगीतात, आशा भोसले यांच्या आवाजात, तळ्यातले वेडे पिल्लू शेवटी राजहंस निघाले. अँडरसनच्या १८४३ मधल्या मूळ गोष्टीत तो स्वान आहे. म्हणजे राजहंस या एका शब्दावर मराठीत निदान तीन पक्षी बसले: हिमालयापलीकडचा पाहुणा, युरोपातला स्वान आणि बाजारात विकायला येणारे पांढरे गूज. पाळणाऱ्याचा घोटाळा होतो तो इथे.

ठाणे हे तळ्यांचे गाव. पूर्वी साठ-पासष्ट तलाव होते असे सांगतात. आता पस्तीसच्या आसपास उरले आहेत. खोपटच्या वाट्याला सिद्धेश्वर तलाव आला. बदकाला सोयीचीच ही जागा. साष्टीबाहेर, घाटावर, मात्र बदकपालन कधी रुजले नाही. तिथे पाणी चार महिन्यांचे आणि अंड्याची सवय कोंबडीची. किनारपट्टीचे तसे नव्हते. ठाणे-वसई १५३४ च्या तहापासून पोर्तुगीजांकडे होते. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांकडे आले आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेले. या काळात साष्टी-वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात, ज्याला पुढे ईस्ट इंडियन म्हणू लागले, बदक सणाच्या ताटात पक्के बसले. बदकाचे मोईल हा पदार्थ आजही त्यांच्या घरी लग्नाला, नाताळला होतो. अशा पक्ष्याला ‘पाळीव’ म्हणायचे ते गायीला म्हणतात त्या अर्थाने. लाड करण्याचा भाग फार थोडा.

घरचे बदक दोन वेगळ्या घराण्यांचे असते. बहुतेक वाण मॅलार्ड या रानबदकापासून आले. तोंडावर लाल गाठी असलेले, आवाजाऐवजी फुत्कार टाकणारे मस्कोव्ही दक्षिण अमेरिकेतले. अंड्यांसाठी भारतभर पसरलेले खाकी कॅम्पबेल इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी १९०० च्या आगेमागे तयार केले. ते वर्षाला ३०० पर्यंत अंडी देते, पण रवणीला बसण्याची उपजत बुद्धी त्याच्यात जवळजवळ उरलेली नाही. अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात आणि २८ दिवसांनी तिची पिल्ले तिच्यासमोर पाण्यात शिरली की ती काठावर येरझाऱ्या घालते. बदक अंडे पहाटे घालते, म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत त्याला खुराड्याबाहेर सोडत नाहीत. सोडले तर अंडे तळ्याच्या गाळात जाते. खाणे ओले लागते. कोरडा भुगा घशात अडकतो, आणि नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय नायसिनअभावी वाकतात. डोके बुडेल एवढे पाणी नसेल तर डोळे आणि नाकपुड्या चिकटतात. बाथरूममधल्या उथळ परातीवर बदक ठेवणाऱ्यांना हे महिन्याभरात कळते.

हंसाची गोष्टच निराळी. पाळीव हंसांचीही दोन कुळे: पश्चिमेकडचे ग्रेलॅग या रानहंसापासूनचे आणि चोचीच्या मुळाशी गाठ असलेले चिनी, जे स्वान-गूजपासून आले. आपल्याकडे फार्महाउसवर दिसतो तो बहुधा हा गाठवाला. बदक गोगलगाय, किडा, बेडकाचे पिल्लू असे जे मिळेल ते चाळते; हंस गायीसारखा गवत चरतो. कोवळ्या गवताचा तुकडा नसेल तर त्याला धान्यावर जगवणे महाग पडते आणि त्याच्या तब्येतीला मानवतही नाही. अंडी वर्षाला तीस-पन्नास, तीही हंगामात. म्हणून अंड्यांच्या हिशेबात तो कधीच बसला नाही. उलट बदक आठ-दहा वर्षांत संपते, हंस वीस वर्षे सहज काढतो. जोडी एकदा जमली की टिकते. अंड्यातून निघाल्यावर जो पहिला हलताना दिसेल त्याच्या मागे पिल्लू लागते. कोनराड लोरेन्झ यांनी १९३० च्या दशकात ग्रेलॅगच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. बदकाचे पिल्लूही असेच मागे लागते, पण मोठे झाल्यावर ते माणसापेक्षा थव्यात रमते. हंस माणूस ओळखतो, आणि ओळखीचा नसलेला माणूसही ओळखतो.

त्याच्या राखणदारीचे मूळ इथे आहे. गॉल लोकांनी रोमवर चाल केली तेव्हा कॅपिटोलिन टेकडीवरच्या जूनोच्या हंसांनी पहारेकऱ्यांना जागे केले, अशी ख्रिस्तपूर्व ३९० ची कथा लिव्हीने सांगितली आहे. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन इथल्या व्हिस्कीच्या कोठारांवर १९५९ पासून चिनी हंसांचा थवा पहाऱ्याला होता. ठाण्याच्या बाजूलाही फार्महाउसवाला हंस ठेवतो तो शोभेसाठी आणि गडी झोपला तर आवाज व्हावा म्हणून. मान जमिनीसरशी ताणून, पंख उघडून, फुत्कारत तो धावून आला की कुत्रासुद्धा मागे सरतो. काव्यातल्या मंद चालीचा पक्षी तो हाच, हे त्या वेळी कुणाला सांगून पटत नाही.

खोपटमध्ये आता ना तो आवाज खपतो ना ती जागा उरली आहे. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, बैठी घरे आणि परसे गेली, इमारती उठल्या. पिवळे पिल्लू अजून बाजारातून हौसेने येते, दोन महिन्यांत मोठे होते, आणि मग बाल्कनीतली घाण नि मादीची कर्कश ओरड शेजाऱ्यांना नको होते. नर बदकाचा आवाज घोगरा आणि बसका असतो. शेपटीवरचे वळलेले पीस पाहून नर ओळखणाऱ्याला तेवढी सवलत मिळते. हंसात नर-मादी दोघेही गरजतात, तेव्हा तिथे सवलत नाही. कायद्याचीही एक रेघ आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पट्टकादंब, हळदी-कुंकू, अडई असे रानपक्षी घरी ठेवता येत नाहीत, घरचे वाण चालतात. बर्ड फ्लूने दुसरी रेघ ओढली. देशातली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत पक्षी मेले तेव्हा आसपासच्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पाणपक्षी हा विषाणू लक्षणे न दाखवताही बाळगू शकतात, म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यालगत बदक ठेवण्याची जुनी रीत आता पशुवैद्यक मोडायला सांगतात.

कंटाळून तळ्यात सोडलेले बदक तिथे जगले तरी हळदी-कुंकू या देशी रानबदकाशी त्याचा संकर होऊ शकतो. हंस तळ्यात सोडला तर काठावरच्या लॉनवर चरत राहतो आणि फिरायला आलेल्यांच्या पायांना चावतो.