लाकडी मोटार आणि दासगावची वाट

‘स्टेशन वॅगन’ या नावातच त्या गाडीचा उगम आहे. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवर उतरलेले उतारू आणि त्यांचे सामान मुक्कामी पोचवण्यासाठी मोटारीच्या चासीवर लाकडी साटा चढवण्यात येई. १९२९ साली फोर्डने अशी गाडी ‘मॉडेल ए’ वर्गात विक्रीस आणली. तिचे लाकूड मिशिगनमधील कंपनीच्याच जंगलांतून येई.

महाड-पोलादपूरला तेव्हा स्टेशन नव्हते; बंदर हेच स्टेशन. मुंबईहून बोटीने धरमतर गाठायचे आणि पुढे मोटारीने महाडला यायचे, किंवा सावित्रीच्या खाडीतून थेट दासगावला उतरायचे. आपल्याकडेही चासी परदेशी आणि साटा देशी सुताराच्या हातचा, अशीच त्या काळच्या सर्व्हिस मोटारींची सर्वसाधारण घडण होती. त्यामुळे बेताच्या भांडवलावरही माणूस मोटारमालक होऊ शके. १९३९चा मोटार वाहन कायदा येईपर्यंत या धंद्यावर म्हणावे तसे नियंत्रणही नव्हते. गाडीत कोणी बसावे, हे मालकाच्या मर्जीवर राही.

या मर्जीचा अर्थ १९२७च्या डिसेंबरात स्पष्ट झाला. महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ तारखेला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. दासगाव महाडपासून पाच मैल दूर. तरीही धरमतरचा मार्ग टाळण्यात आला. कारण तेथील मोटारमालक परिषद उधळू पाहणाऱ्या स्पृश्यांना सामील होते. दासगावला उतरलेली मंडळी पायी महाडला आली. २५ डिसेंबरच्या रात्री तेथे मनुस्मृतीचे दहन झाले.

चवदार तळ्याचे पाणी आणि मोटारीतले बाकडे, दोन्हींचा प्रश्न एकच होता, असे आम्हांस वाटते. सार्वजनिक म्हणवणारी वस्तू खरोखर कोणाची?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या त्या बेडफर्ड गाड्याही लाकडी साट्याच्या, काथ्याच्या बैठकींच्या होत्या. पुढे पोलादी साटे आले. पोलाद गंजते, खाऱ्या हवेच्या किनारपट्टीत तर अधिकच. म्हणून नंतर ॲल्युमिनियम आले. परंतु लाकूड जाण्याआधीच मोठा बदल घडला होता. साटा तोच राहिला, मालक बदलला. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला जात न विचारता जागा देणे, हे आता शासनाचे कर्तव्य ठरले.

मोटारीचा इतिहास लिहिताना आपण एंजिनांची आणि कारखान्यांची नोंद घेतो. दासगाव ते महाड पायी तुडवलेले ते पाच मैलही त्याच इतिहासात मोजावे लागतील.