तापल्याशिवाय न बोलणारा सेन्सर

नाशिकमध्ये रिक्षात बसून ‘मायको सर्कल’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. ज्या कंपनीवरून हे नाव पडले ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, २००८ मध्येच ‘बॉश लिमिटेड’ झाली. चौकाने मात्र जुने नाव सोडले नाही. सातपूरच्या तिच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर बनत आले. त्यामुळे नाशिकच्या गॅरेजवाल्यांच्या दोन पिढ्यांनी हे नाव डिझेलशीच जोडले. नोझलची फवार कशी पडते, पंपाचे टायमिंग कुठे सरकले, धूर काळा येतो की पांढरा, हे त्यांचे रोजचे व्याकरण होते.

त्याच बॉशच्या जर्मनीतल्या मूळ कंपनीने बाजारात आणलेली आणखी एक वस्तू नाशिकच्या गॅरेजात बऱ्याच उशिरा पोचली. बोटभर लांबीचा, सायलेन्सरच्या पाइपात आटे घालून बसवलेला, चार वायरींचा ऑक्सिजन सेन्सर. शहरात गॅसवरच्या गाड्या वाढल्या, तसे त्याच्यावाचून मेकॅनिकचे पान हलेनासे झाले.

कार्बोरेटरच्या काळात मिश्रण ओळखायला यंत्र लागत नसे. प्लग काढून बघायचा. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर गाडी ठाकठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेले की निम्मा निकाल तिथेच लागे. मग स्क्रू-ड्रायव्हरने अर्धा-पाव आटा फिरवायचा, कान इंजिनाकडे ठेवायचा आणि आवाज सपाट झाला की हात काढून घ्यायचा. हे कसब पोरगा उस्तादाच्या शेजारी उभा राहून शिके.

गॅसने या कसबाचा आधारच काढून घेतला. मिथेन किंवा एलपीजी जळताना काजळी जवळजवळ धरत नाही. प्लग स्वच्छ, धूर नाही, पेट्रोलचा उग्र वासही नाही. मिश्रण बिघडलेले असले तरी डोळ्याला आणि नाकाला काही सांगत नाही. वायूचे गणितही निराळे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एलपीजीला सुमारे १५.६ आणि सीएनजीला १७ किलोच्या थोडी वर. सेन्सरला मात्र इंधन कोणते याच्याशी देणेघेणे नसते. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला, एवढेच तो पाहतो. म्हणूनच इंधन बदलले तरी त्याची भाषा बदलत नाही.

या सेन्सरचे मूळ दिव्यात आहे. गॉटिंगेनच्या वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये झिर्कोनियाच्या सिरॅमिक कांडीचा विजेचा दिवा तयार केला. ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे. तिला आधी तापवावे लागे. सुरुवातीला हे काम ज्योतीने होई, पुढे त्यासाठी कांडीजवळ तापणारी तार बसवली गेली. दिवा मागे पडला, पण तापल्यावर ऑक्सिजनचे आयन पलीकडे जाऊ देण्याचा झिर्कोनियाचा गुण उरला. त्याच गुणावर बॉशने हा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजेच लॅम्डा सेन्सर, उभारला आणि १९७६ मध्ये अमेरिकेसाठीच्या व्होल्व्हो गाड्यांत तो प्रथम बसला. हा पहिला सेन्सर धुराच्या उष्णतेवरच तापे. सुमारे ३०० अंशांखाली तो मुकाच राही, म्हणून इंजिनाला चिकटून बसवावा लागे. १९८२ पासून सेन्सरच्या पोटात हीटर आला. नेर्न्स्टच्या दिव्यातली तापणारी तार जणू मोटारीत परत आली.

भारतात त्याची वाट शिशाने अडवली होती. शिसेयुक्त पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही निकामी करते. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. देशभर शिसे हटले ते २००० मध्ये. त्याच वर्षी कायदा बदलून एलपीजीला वाहनांचे इंधन म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी घरगुती सिलिंडर व्हॅनच्या मागच्या सीटखाली दडवून चालवण्याचा बेकायदा आणि धोक्याचा प्रकार महाराष्ट्रभर चालत असे.

मग किटचा जमाना आला. पेट्रोलसाठी बनलेल्या गाडीला गॅसचा रेड्युसर, टाकी आणि वायरिंगचा वेगळा गुंता जोडला जाऊ लागला. अनेक जुन्या किटांत ‘इम्युलेटर’ नावाची डबी असे. गाडी गॅसवर असताना ती सेन्सरची सिग्नल वायर मध्येच तोडून मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, बनावट सिग्नल देई, म्हणजे त्याने पेट्रोलची शिकलेली गणिते बिघडवू नयेत. पुढे ही डबी बिघडली किंवा तिचा जोड गंजला की मेकॅनिक चांगला सेन्सर फेकून नवा बसवी आणि डॅशबोर्डवरचा ‘चेक इंजिन’चा दिवा पुन्हा पेटे. मारुतीने २०१० मध्ये पाच मॉडेलांत कारखान्यातूनच सीएनजी दिले, तेव्हा हा गुंता बराच सुटला.

नाशिकमध्ये सीएनजीची रीतसर सुरुवात त्यानंतरची. २०१८ च्या निविदा फेरीत नाशिक आणि धुळे जिल्ह्यांचे शहरी गॅस वितरण महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आले. ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा सुरू झाली आणि शहराच्या रस्त्यांवर सीएनजीच्या बस रोज दिसू लागल्या. दरम्यान १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले होते. आता बिघाडाची नोंद गाडी स्वतःच ठेवते आणि स्कॅनर लावला की कोड निघतो.

हीटरच्या बिघाडाचा ओळखीचा कोड पी०१३५. कन्व्हर्टरच्या पुढच्या सेन्सरचा हीटर सर्किट, एवढाच त्याचा अर्थ. हीटर मेला म्हणजे सेन्सर मेला असे नाही, आणि इथेच मालकाचे पैसे वाया जातात. त्याची तक्रारही चकवणारी असते. शहरात, सिग्नलवर थांबत-थांबत जाताना गाडी झटके देते आणि अ‍ॅव्हरेज घसरते; कसारा घाट चढताना मात्र तीच गाडी छान पळते. घाटात धूर इतका तापतो की हीटरशिवायही सेन्सर जागा होतो. शहरात तो पुन्हा गार पडतो आणि ईसीयू अंदाजाने गॅस सोडू लागतो.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी इंधन बदलून बघतो. मिश्रण ‘लीन’, म्हणजे हवा जास्त, असल्याचा कोड पी०१७१ फक्त गॅसवर येत असेल, तर सेन्सरला हात न लावता रेड्युसरचा दाब, गॅसचा फिल्टर आणि गॅस इंजेक्टर तपासायचे. हीटरचा कोड मात्र दोन्ही इंधनांवर येतो, कारण तो विजेचा प्रश्न आहे. तिथे पहिला फ्यूज, मग कपलर, मग मल्टिमीटर. चार वायरींतल्या एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या असतात. थंड असताना त्यांच्यात थोडेसेच ओहम दिसले पाहिजेत. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर आतली तार तुटली. ओहम बरोबर असूनही कोड जात नसेल, तर १२ व्होल्ट कपलरपर्यंत पोचतात का ते बघायचे. किट बसवणाऱ्याने त्याच फ्यूजवरून सप्लाय उचललेला असणे हा इथे नेहमीचा संशयित.

सीएनजीची एक खोड वेगळी ध्यानात ठेवावी लागते. मिथेनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण जास्त, म्हणून धुरात पाण्याची वाफही जास्त. थंड पाइपात तिचे थेंब होतात आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब उडाला तर त्याला तडा जाऊ शकतो. त्यासाठीच ईसीयू सुरुवातीला हीटर जपून तापवतो.

निफाडला थंडीत पारा ५ अंशांखाली उतरतो, त्या दिवसांत हीटरची परीक्षा रोजची. द्राक्षाच्या बागेवर जाणारी सीएनजी पिकअप पहाटे उठवायची, तर आधी पेट्रोलवर सुरू होते, इंजिन थोडे तापले की गॅसवर जाते. हीटर बंद असलेल्या गाडीत स्कॅनरच्या पडद्यावर सेन्सरची रेघ बराच वेळ सपाट पडलेली दिसते. गॅरेजातला पोरगा बॉनेटखालच्या डबीतून जळालेला फ्यूज चिमट्याने ओढून काढतो, त्याच अँपिअरचा नवा बसवतो आणि कोड पुसून गाडी परत सुरू करतो. थोड्याच वेळात रेघ हलते, ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये वरखाली धावू लागते, आणि बसवायला आणलेला नवा सेन्सर खोक्यातच राहतो.