न्यूझीलंडमधील जुन्या जपानी मोटारी : आयातनीतीच्या इतिहासातील एक प्रकरण

वापराने वस्तूचे मोल घटते, हा व्यवहारातील सर्वमान्य नियम होय. मोटारगाडीच्या बाबतीत तो विशेषच खरा मानला जातो. तथापि न्यूझीलंडच्या आर्थिक इतिहासात असा एक काळ येऊन गेला की, वापरलेली मोटार पुष्कळदा नव्या मोटारीहून अधिक किमतीस विकली जाई. पुढे काळ पालटला आणि जपानमध्ये वापरलेली जुनी गाडी हे त्याच देशातील असंख्य सामान्य कुटुंबांचे वाहन झाले. या दोन्ही अवस्थांचे मूळ यंत्राच्या झिजेपेक्षा कायद्यात अधिक सापडते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

या इतिहासाचा आरंभ 1938 च्या डिसेंबरात होतो. त्या वेळी न्यूझीलंडच्या परकीय चलनाचा साठा झपाट्याने आटत चालला होता. लोकर, मांस व लोणी यांच्या निर्यातीवर उपजीविका करणाऱ्या त्या लहानशा देशापुढे दोनच मार्ग होते : चलनाचे मूल्य उतरविणे अथवा आयातीस लगाम घालणे. वॉल्टर नॅश हे अर्थमंत्री असलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने दुसरा मार्ग पत्करला व आयातीस परवाना सक्तीचा केला. मोटारींच्या बाबतीत सुटे भाग आणून त्यांची जुळणी देशातच करण्याच्या धोरणास या परवान्याने बळकटी आली. पेटोनी व लोअर हट येथे जुळणीचे कारखाने पूर्वीच उभे राहिले होते. महायुद्धानंतर त्यांचा विस्तार झाला.

परिणामी किती गाड्या बाजारात याव्यात हे गिऱ्हाइकाच्या गरजेवरून न ठरता सरकारी तिजोरीतील परकीय चलनावरून ठरू लागले. युद्धोत्तर काळात ज्याच्यापाशी स्वतःची परदेशी शिल्लक असे, त्यास नवी गाडी लवकर मिळण्याची सोय होती. शिक्षक, कारकून वा कामगार यांना मात्र नाव नोंदवून वाट पाहावी लागे. एकदा गाडी हाती आली की, ती काही काळ वापरून खरेदीच्या किमतीहून अधिक दराने विकणे शक्य होई. कारण गिऱ्हाईक जो जादा पैसा मोजी तो गाडीसाठी नसून टळलेल्या प्रतीक्षेसाठी असे. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटसाठी वर्षानुवर्षे खोळंबलेल्या पिढीच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

या धोरणाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जुळणीच्या कारखान्यांनी हजारो कुटुंबांना स्थिर रोजगार दिला. मात्र अल्प लोकसंख्येच्या बाजारपेठेसाठी अनेक प्रकारच्या गाड्या थोड्या थोड्या संख्येने जुळविल्या जात असल्याने खर्च भारी पडे. कामगारांच्या रोजगाराचे मोल गिऱ्हाईक चढ्या किमतीच्या रूपाने चुकते करीत होता.

1984 साली डेव्हिड लाँगी यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी परकीय चलनावरील निर्बंध उठविले आणि 1985 च्या मार्चमध्ये न्यूझीलंड डॉलरचा विनिमयदर खुला केला. मोटारींचे आयात परवाने टप्प्याटप्प्याने सैल होत 1989 च्या आरंभी संपुष्टात आले. परवाना जाताच व्यापाऱ्यांची दृष्टी जपानकडे वळली.

जपानकडेच का, याचे उत्तर जपानी कायद्यात आहे. तेथील रस्ते वाहतूक वाहन कायदा 1951 सालचा. त्यानुसार खाजगी मोटारीची ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी होते. 1983 पासून नव्या गाडीस पहिली मुदत तीन वर्षांची, व त्यानंतर दर दोन वर्षांची आहे. दहा वर्षांहून जुन्या गाडीस ती 1995 पर्यंत दरसाल करावी लागे. जुनी गाडी मोडीत काढावी असे हा कायदा सांगतो, अशी एक समजूत परदेशी गिऱ्हाइकांत रूढ आहे. ती बरोबर नाही. तपासणीच्या वेळी दुरुस्ती, वजनावरील कर आणि सक्तीचा विमा हे सारे खर्च एकदमच अंगावर येतात. म्हणून मुदत भरण्यापूर्वीच गाडी काढून टाकण्याकडे मालकाचा कल होतो. त्यामुळे सुस्थितीतील गाड्या तेथील लिलावात स्वस्तात मिळत. त्यातच जपान व न्यूझीलंड या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. सुकाणू उजवीकडे असलेली गाडी जशीच्या तशी ऑकलंडच्या गोदीत उतरविता येत असे. 2003 च्या सुमारास अशा जुन्या गाड्यांची वार्षिक आयात दीड लाखावर गेली होती.

तथापि परवान्याची अडचण दूर होताच विश्वासाचा प्रश्न उभा राहिला. गाडी पूर्वी कोणी, कशी व किती चालविली हे समुद्रापलीकडील गिऱ्हाइकास कळणार कसे? त्याचा मुख्य आधार म्हणजे धावलेले अंतर दाखविणारा मीटर; आणि तोच मागे फिरविण्याचे प्रकार घडू लागले. 2003 च्या मोटार विक्री कायद्याने विक्रेत्यांस नोंदणी सक्तीची केली व मीटरशी केलेली लबाडी गुन्हा ठरविली. समोरून होणाऱ्या टकरीत प्रवाशांचे रक्षण, धुराचे प्रमाण आणि घसरण्यापासून गाडी सावरणारी यंत्रणा यांविषयीचे नियमही क्रमाने लागू झाले. ज्या राज्यसंस्थेने आयातीच्या दारातून माघार घेतली, तिलाच गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी निराळ्या दाराने परत यावे लागले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या परिवर्तनाची किंमत कोणी मोजली? 1998 साली मोटारींवरील आयात जकात शून्यावर आली. त्याच वर्षी पोरिरुआ, विरी, नेल्सन व थेम्स येथील जुळणीचे कारखाने बंद पडले. केवळ जुन्या गाड्यांमुळे हे घडले असे म्हणणे एकांगी होईल, कारण जकात उठल्यावर पूर्ण बांधणीच्या नव्या गाड्याही स्वस्त झाल्या होत्या. परंतु जुन्या गाड्यांनी त्या कारखान्यांची बाजारपेठ आधीच पोखरली होती, यात शंका नाही. ज्या कामगाराला स्वस्त गाडी मिळाली, त्याचीच नोकरी गेली, असेही क्वचित घडले असले पाहिजे.

भारताने मात्र या बाबतीत निराळी वाट धरली. 2001 साली जुन्या मोटारींच्या आयातीस वाट मोकळी करताना गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे व ती केवळ मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी घालण्यात आल्या. त्यांस जबर जकातीची जोड होती. त्यामुळे मुंबईच्या गोदीचे ऑकलंड झाले नाही. देशातील कारखाने राहिले, आणि परदेशी जुनी गाडी सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरच राहिली.

सारांश, जुनी मोटार ही दोन देशांच्या कायद्यांमधील अंतराची खूण होय. एका किनाऱ्यावरील तपासणीचा नियम तिला स्वस्त करतो, तर दुसऱ्या किनाऱ्यावरील परवान्याचा नियम तिला दुर्मीळ करतो. अशा वस्तूच्या इतिहासाचा अभ्यास करताना किमतीच्या कोष्टकांबरोबरच दोन्ही देशांचे कायदे एकत्र वाचले पाहिजेत. तसे केल्याखेरीज त्या किमतींमागील लाभ कोणाचा व हानी कोणाची, या प्रश्नाचा उलगडा होत नाही.