पायलट व्हायचंय? लायसन्सच्या फीपुढचा खर्च आधी मोजा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दोन-तीन पालक तरी आमच्याकडे येतात. मुलाला पायलट व्हायचंय, इंटरनेटवर फी पाहिली, गावाकडची जमीन काढली तर जमेल, सर तुमचं काय मत? मत देण्याआधी आम्ही एकच विचारतो, लायसन्स मिळाल्यानंतर लागणारे पैसे धरलेत का? बहुतेकांनी धरलेले नसतात. म्हणून ही माहिती एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

आपल्याकडे विमान कंपन्या सहसा स्वतःच्या पैशाने कोणाला पायलट करत नाहीत. मुलाने स्वतःच्या खर्चाने शिकायचं, लायसन्स काढायचं आणि मग नोकरीसाठी अर्ज करायचा. हे लायसन्स म्हणजे सीपीएल, म्हणजेच व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. तो डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. वय किमान 18 लागतं. आजवरच्या नियमाप्रमाणे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. कला-वाणिज्यची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. ही अट काढून टाकण्याची चर्चा 2025 मध्ये झाली, तेव्हा प्रवेशाच्या वेळी चालू नियम बघून घ्यावा.

पहिलं पाऊल मात्र प्रवेशाचं नाही, डॉक्टरचं आहे. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे आधी क्लास 2 वैद्यकीय तपासणी होते, नंतर त्याहून कडक क्लास 1. चष्मा असला तरी चालतो, चष्म्याने नजर पूर्ण सुधारली पाहिजे. रंगांची ओळख, कान, हृदय, रक्तदाब सगळं पाहिलं जातं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी आधी एका संस्थेत बुकिंगचे पैसे भरले आणि तपासणी चार महिन्यांनी केली. मुलाला लाल-हिरव्या रंगात घोळ होतो हे तेव्हा कळलं. घरात अठरा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंच होतं. म्हणून आम्ही सांगतो, क्लास 2 वर थांबू नका, क्लास 1 चा निकाल हातात येऊ द्या. या तपासण्यांना हजारांत खर्च येतो, लाखांत नाही.

दुसरं पाऊल परीक्षांचं. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर, प्रत्येकात 70 टक्के गुण हवेत. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. उर्दू किंवा मराठी माध्यमातली मुलं इथे घाबरतात, पण आमचा अनुभव असा की गणित पक्कं असेल तर पेपर निघतात; वेळ द्यावा लागतो तो इंग्रजी ऐकून लगेच उत्तर देण्याच्या सवयीला. हे पेपर विमानात बसण्याआधी देता येतात, आणि द्यावेतच. सगळे पेपर सुटले नाहीत तर निदान मोठी फी तरी वाचते.

मग उड्डाण. एकूण 200 तास, त्यातले 100 तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. 300 नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण 555 किलोमीटरचा एक लांबचा प्रवास, शिवाय रात्रीचे 5 तास. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे इथे प्रशिक्षण चालतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही सरकारी संस्था आहे, तिथे प्रवेश परीक्षेने मिळतो. संस्थांच्या जाहिरातीत काळ लिहिलेला असतो त्याहून प्रत्यक्षात जास्त लागतो. पावसाळ्यात उड्डाणं रेंगाळतात, विमान दुरुस्तीला जातं, प्रशिक्षक नोकरी बदलतो, आणि मुलगा हॉस्टेलचं भाडं भरत बसतो. फी विचारण्याआधी विचारा की आज उडणारी विमानं किती, मुलं किती, आणि मागच्या वर्षी 200 तास पुरे व्हायला मुलांना किती महिने लागले. डीजीसीएने 2025 पासून या संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती यादीही पाहावी. हप्ते उडालेल्या तासांप्रमाणे द्यावेत. सगळी रक्कम एकदम भरली तर सवलत देतो असं कोणी म्हणालं की आम्हाला तरी धास्ती वाटते.

इथवरचा खर्च साधारण 45 ते 60 लाख. पालकांचा हिशोब इथेच थांबतो, पण विमान कंपनीचं दार अजून उघडलेलं नसतं. शिकताना चार आसनी सेसना उडवलेली असते. एअरबस 320 किंवा बोइंग 737 उडवायला त्या-त्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं करावं लागतं, बहुतांशी सिम्युलेटरवर. त्याचे आणखी 15 ते 20 लाख, अनेकदा उमेदवारानेच भरायचे. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे सगळं एकत्र असतं, पण खर्च कोटीच्या घरात जातो, आणि सुरुवातीला हातात येणारं पत्र सशर्त असतं. त्यातल्या अटी वकिलाकडून वाचून घ्याव्यात.

वर्गात आम्ही हे गणित फळ्यावर मांडतो. 60 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे 82,650 रुपये, एकूण परतफेड 99 लाखांच्या वर. शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलंच नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण मागतात, म्हणजे घर किंवा जमीनच. आपल्या अनेक घरांत व्याजाच्या पैशाला हात लावायचा नाही असा कटाक्ष असतो. तो ज्याचा-त्याचा निर्णय. पण मग पैसा येतो अम्मीच्या दागिन्यांतून, चाचांच्या दुकानातून, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतून. कागदावर हप्ता दिसत नाही म्हणून ते ओझं हलकं होत नाही.

नोकरी लगेच लागेल याची हमी कोणी देत नाही. 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, 2020 मध्ये कोरोनाने विमानंच जमिनीवर आणली, 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली. अशा वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात येतात आणि 200 तासवाला मुलगा रांगेत मागे जातो. बसून राहण्यालाही पैसे लागतात. क्लास 1 तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी ताजं करावं लागतं, त्यासाठी पुन्हा उड्डाण, पुन्हा फी. टाइप रेटिंग आधीच करून ठेवलं तर संधी पटकन मिळेल, असं एजंट सांगतात. कंपनीने निवड केल्याचं पत्र हातात नसेल तर ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एअरबसचं रेटिंग घेऊन ठेवलं आणि भरती बोइंगवाल्या कंपनीत निघाली तर ते पैसे तिथे कामाला येत नाहीत.

नोकरी लागली की पगार चांगला असतो, हेही खरं. पहिली काही वर्षं त्यातला मोठा भाग हप्त्यात जातो, तेव्हा घर दुसऱ्या कमाईवर चालवता येईल का, हे आधी बसून बोलावं. मुलींनीही यात यावं. भारतात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, आणि डीजीसीएचा पेपर कोण लिहितंय हे बघून गुण देत नाहीत.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही एका कागदावर दोन आकडे लिहायला लावतो. एक लायसन्सपर्यंतचा, दुसरा लायसन्सनंतर दोन वर्षं नोकरी नसली तर लागणारा. मागच्या जूनमध्ये आलेल्या एका वडिलांनी दुसरा आकडा लिहिला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि मुलाला म्हणाले, आधी मेडिकलची तारीख घे.